चौथा नंबर

ओहोटी लागून तासभर झालाय. मिठबावच्या पुळणीवर पाण्यालगतचा ओला पट्टा टणक झालाय, टाच रुतत नाही. वरची कोरडी वाळू पाय ओढते, म्हणून धावायचं ते खालीच. दोन टोकांना बांबू रोवलेत. सात मुली, सगळ्या अनवाणी, ट्रॅकपँटी पोटरीपर्यंत दुमडलेल्या. इथून तिथवर जायचं, बांबूला वळसा घालायचा आणि परत यायचं. तालुक्याच्या शालेय स्पर्धेसाठी चौदा वर्षांखालच्या तिघी निवडायच्यात.

सर बांबूपाशी उभे आहेत. पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी स्टॉपवॉच सुटलेलं नाही. काच ओरखड्यांनी भरलीय, दोरी दोन ठिकाणी गाठ मारून जोडलीय. सर मूळचे मालवणचे, कॅथलिक. धावणाऱ्यांत त्यांची नातही आहे.

"धाव गो, धाव! फाटी वळान बघू नको!"

हे त्यांनी नेमकं कुणाला म्हटलं ते कळत नाही. सातही जणींना तेच वाटत असावं. वळशाला दोघी एकमेकींना घासतात, वाळू उडते. पहिली सरळ पुढे निघून येते, दुसरी तिच्यामागे. तिसऱ्या जागेसाठी मात्र दोघी खांद्याला खांदा लावून झुंजतायत. शेवटच्या दहा पावलांत सावळी, काटकुळी, एक वेणी सुटलेली मुलगी छाती पुढे काढते आणि बांबू ओलांडते. सरांची नात तिच्यामागून हातभर अंतराने येते.

सर अंगठा दाबतात, वही उघडतात, तीन नावं लिहितात आणि वही मिटतात.

"तीनच जातले."

नात ओणवी होऊन धापा टाकतेय. मान वर करून बघते. आजोबा तिच्याकडे बघत नाहीत, दुसऱ्या टोकाचा बांबू उपटायला चालू लागतात. मी शेजारीच उभा आहे. हातभर अंतर, स्वतःची नात, वही आपल्याच हातात. चौथं नाव लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं, हे माझ्या मनात येऊन जातं.

ती त्यांच्यामागून धावत जाते. रडत नाही, भांडायलाच जाते.

"आजोबा, मगे तो मळ्याचो मालक? त्येणां तर संध्याकाळी इल्लेल्यांक पण सारखीच मजुरी दिल्यान!"

सर थांबतात. मला संदर्भ लागतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात विसाव्या अध्यायात येशूने सांगितलेली ही गोष्ट. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, एक दिनार ठरवतो. मग नऊला, बाराला, तीनला आणि दिवस मावळायला तास उरला असताना पाचलाही आणखी माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकच दिनार. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरतात. ही गोष्ट ऐकून एरवी धावपटूच चिडायला हवा. आज चौथी आलेली मुलगी तीच गोष्ट वकिली पुरावा म्हणून पुढे करतेय.

"दिल्यान," सर म्हणतात. "आपल्या पिशवेतली दिल्यान. दुसऱ्याची काढून नाय दिल्यान. माझ्या खिशातले पैशे मी कोणाकय देईन. पण तिसरो नंबर माझ्या खिशातलो नाय. तो त्या चेडवाचो."

नात गप्प होते. पटलंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

मला मात्र ही गोष्ट पहिल्यांदाच नीट कळतेय. मळ्याचा मालक कुरकुरणाऱ्यांना हेच सांगतो: तुमचं ठरलेलं तुम्हाला मिळालं, बाकी माझं आहे ते मी कुणाला द्यायचं हा माझा प्रश्न. कुणाच्याही मजुरीला तो हात लावत नाही. कृपा करणाऱ्याने स्वतःच्या गाठीचं द्यायचं असतं. परीक्षकाने वाटलेला नंबर ही कृपा नसते, ती तिसऱ्या मुलीच्या घरची चोरी असते.

कृपा आणि कमाई या दोन खात्यांची गल्लत येशूचा प्रेषित पौल यानेही होऊ दिली नाही. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, जिंकणाऱ्याला पाल्याचा मुकुट मिळे. तिथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात तो शर्यतीचाच दाखला देतो: धावतात सगळे, बक्षीस एकाला, तेव्हा मिळवायचंच अशा जिद्दीने धावा. आणि रोमकरांना लिहिताना तोच पौल सांगतो, की काम करणाऱ्याची मजुरी ही मेहेरबानी नव्हे, त्याचं येणं आहे. देवाची कृपा अशी येण्यात धरता येत नाही.

तिकडे तिसरी आलेली मुलगी मैत्रिणींना सांगतेय, "मी गजबादेवीक नारळ बोललंय!" टेकडीवरच्या देवळाकडे बघून ती हात जोडते. आता नारळ द्यावा लागणार. म्हणजे हे आणखी तिसरं खातं, नवसाचं. त्यात देवाशीही रोखठोक बोलणी.

पुळणीवर थोडं पुढे रापण ओढून झालीय. जाळ्याच्या पोटात बांगडे आणि पेडवे उसळतायत. दोर ओढणाऱ्यांचे हात अजून लाल आहेत. वाटे पडतात, ओढणाऱ्याचा वाटा ओढणाऱ्याला, जाळ्याचा जाळ्याला. त्यावर घासाघीस होते, आवाज चढतात, आणि ते रास्तच आहे. मग एक रापणकर आपल्या वाट्यात हात घालतो आणि काठी टेकत आलेल्या म्हातारीच्या पिशवीत ओंजळभर पेडवे टाकतो. तिने दोराला हात लावलेला नाही. हिशोबात हे धरलं जात नाही आणि यावर कुणी भांडतही नाही.

सर जुनी स्कूटर झाडाखालून बाहेर काढतात, दोनदा किक मारतात. नात फुरंगटून लांब उभी आहे. ते नुसते मागच्या सीटवर थाप मारतात.

मला सरांच्याच मालवणात 1932 साली जन्मलेले क्रिकेटचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर आठवतात. शिवाजी पार्कवर ते स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करील त्या गोलंदाजाचं ते नाणं, शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. अशी 13 नाणी त्याने कमावली आणि जपून ठेवली. त्यातलं एकही आचरेकरांनी लाडाने दिलेलं नाही, म्हणूनच त्यांना मोल. पण हेच आचरेकर त्या पोराला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत. मागची सीट काही नाबाद राहण्याच्या अटीवर नव्हती. शून्यावर बाद झालेल्या पोरालाही घरी जायचंच असतं.

आपल्याकडे हल्ली नेमकं उलटं होताना दिसतं. आईबाप शाळेत जाऊन संघातली जागा मागून घेतात आणि घरी पोर हरून आलं की जेवणाच्या पानावर तोंड पाडून बसतात. जे कमावायचं ते मागून मिळतं, आणि जे नुसतं मिळायला हवं ते पोराला कमवावं लागतं.

नात येऊन मागे बसते. हात मात्र आजोबांच्या कमरेला नाही, सीटच्या कडीला.

"माका अजून राग आसा," ती जाहीर करते.

"आसूंदे. वळशाक तू बाहेरसून जातंस, थयच चार पावला गेली."

"मगे तेव्हाच कित्याक नाय सांगल्यात?"

"शर्यत चालू होती. सगळ्यांक सांगूचा लागला असता."

ती यावर विचार करते. "उद्या सांगशात?"

"उद्या सहाक ये. सगळ्यांकच सांगतलंय."