पदवी, पेढी आणि प्रोग्रॅमरचा पगार

महाविद्यालयात भरतीसाठी येणाऱ्या कित्येक कंपन्या दहावीपासून पदवीपर्यंत सलग साठ टक्के गुणांची अट घालतात आणि ती पुरी न करणाऱ्या उमेदवाराचा अर्ज मुलाखतीपूर्वीच बाजूला पडतो, हे ज्या पालकांनी पाहिले आहे, त्यांची प्रोग्रॅमरचे अवघे भवितव्य त्या एका दाखल्यावर अवलंबून असते अशी समजूत व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु दहा-बारा वर्षे नोकरीत मुरलेल्या माणसाचा पगार ज्या कारणांनी ठरतो, त्यांत पदवीचा क्रम बराच खाली लागतो.

उमेदवाराची कुवत मालकाला प्रारंभी दिसू शकत नाही, म्हणून तो पदवी ही तिची खूण मानतो, असा सिद्धांत मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडला. पुढे २००१ साली अल्टोनजी व पिअरे या संशोधकद्वयाने अमेरिकेतील तरुण नोकरदारांच्या वेतनाची छाननी करून असे दाखविले की, अनुभव वाढत जातो तसतसे वेतनातील शिक्षणाचे वजन घटते आणि प्रथमदर्शनी न दिसणाऱ्या गुणांचे वजन वाढते.

पेढीच्या धंद्याचे स्वरूप मात्र अखेरपर्यंत आपला अंमल गाजविते. पुण्याजवळच्या हिंजवडीत शेजारशेजारच्या इमारतींत एकाच प्रोग्रॅमिंग भाषेत काम करणाऱ्या, सारख्याच वकुबाच्या दोघांपैकी एक सेवा पुरविणाऱ्या कंपनीत असेल, तर परदेशी ग्राहक त्याच्या तासांचे जे बिल चुकते करतो, त्या रकमेतच त्याच्या पगाराची कमाल मर्यादा सामावलेली असते; दुसरा स्वतःचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत असेल, तर एकदा सिद्ध झालेली आज्ञावली जवळजवळ वाढीव खर्चाविना हजारो ग्राहकांना विकता येत असल्याने त्या नफ्याचा काही अंश पगाराच्या किंवा शेअर्सच्या रूपाने त्याच्याही पदरात पडू शकतो. शिक्षण व अनुभव यांचा हिशेब करूनही निरनिराळ्या धंद्यांतील पगारांत तफावत उरतेच, हे क्रूगर आणि समर्स यांनी १९८८ सालीच निदर्शनास आणले होते.

पदवी सर्वस्वी निरुपयोगी ठरते, असे मात्र नव्हे. अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसासाठी पदवी किंवा तत्सम अर्हता कायद्यानेच आवश्यक असून, वार्षिक ६५,००० व्हिसांखेरीज आणखी २०,००० तेथील उच्च पदवीधरांसाठी राखून ठेवलेले असतात. संशोधनाच्या जागांसाठीही पीएच.डी.ची अपेक्षा बहुधा असतेच.

म्हणून अनुभवी प्रोग्रॅमरने दुसऱ्या पदवीसाठी वेळ व पैसा खर्चण्यापूर्वी आपली पेढी कामाचे तास विकते की स्वतःचे सॉफ्टवेअर, याचा विचार अवश्य करावा. आणि ज्यांच्या हाती नेमणुकीचा अधिकार आहे, त्यांनी तालुक्याच्या गावी बी.एस्सी. होऊन पंधरा वर्षे उत्तम काम केलेल्या माणसाकडे त्याच्या दहावीच्या टक्क्यांची विचारणा करणे आता थांबवावे. इतक्या वर्षांचे काम समोर असताना खुणेची गरज उरत नाही.