तळ्यातला सोमल आणि मासळीचा तोटा

मासळीच्या धंद्यात तोटा आला की पहिले बोट बीजावर ठेवले जाते. बीज खराब, खाद्य खराब, नाही तर पाठवणारा लबाड. तळ्यात पाणी कोणते सोडले, हे सहसा कोणी विचारत नाही. पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात तरी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, असे आम्हाला वाटते.

तिकडे मुर्शिदाबाद, नदिया, उत्तर चोवीस परगणा या जिल्ह्यांत जमिनीखालच्या पाण्यात आर्सेनिक आहे. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते विष याचेच. नदीने आणलेल्या गाळात ते असते आणि जिथे हवा पोहोचत नाही अशा थरांत सुटून पाण्यात उतरते. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि बांगलादेशात १९९३ साली हा प्रकार उघडकीस आला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. तिथे कित्येक बोअरचे पाणी ५० च्याही वर जाते.

माणसाच्या पाण्याची चर्चा पुष्कळ झाली, माशाची फारशी नाही. उन्हाळ्यात तळी आटतात तेव्हा मत्स्यपालक बोअरचे पाणी सोडतो. त्या पाण्यात लोहही असते. हवा लागली की लोहाचा तांबूस गाळ होतो आणि आर्सेनिकला घेऊन तळाशी बसतो. वरचे पाणी निवळ दिसते. पण मृगळ आणि मागूर हे तळाचे मासे, चिखलातच तोंड घालणारे. विष त्यांच्या पोटात खाद्याबरोबर जाते आणि कल्ल्यांतून पाण्याबरोबरही.

मासा लगेच मरत नाही, हीच अडचण आहे. मेला असता तर मालक जागा झाला असता! कल्ल्यांवर चिकटा धरतो, त्यांचे पडदे सुजतात, श्वास अपुरा पडतो. यकृत आणि मूत्रपिंड बिघडते. मासा कमी खातो, वजन धरत नाही, मादी अंडी कमी घालते. मागूर माशावरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. पाण्यात मारक नसलेले थोडे आर्सेनिक दीर्घकाळ राहिले, तरी माशाची रोगाशी लढण्याची ताकद खचते, असे त्यात दिसले. मग साधा जंतूही तळे रिकामे करतो आणि दोष बीज विकणाऱ्याच्या माथी येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय!

आता गिऱ्हाइकाची भीती. आर्सेनिक साठते ते मुख्यतः यकृतात, मूत्रपिंडात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मांसात ते बरेच कमी असते. म्हणून बंगालचा मासा नकोच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा अफवेने मच्छीमाराचेच पोट मारले जाते. मात्र बंगाली घरांत रोहू-कटल्याची आतडी आवडीने खातात, ती अशा तळ्यातली असतील तर टाळलेली बरी. शिजवल्याने हे विष जात नाही.

मत्स्यपालकाला करता येण्यासारखे आहे. तळे शक्यतो पावसाच्या पाण्यावर राखावे. बोअरशिवाय गत्यंतर नसेल तर पाणी आधी वेगळ्या खड्ड्यात सोडावे, तांबूस गाळ बसू द्यावा आणि वरचे पाणीच तळ्यात घ्यावे. लोह भरपूर असेल तिथेच याचा उपयोग होतो. तळ्याचा उपसलेला गाळ बांधावर टाकून त्यात भाजी लावतात, तीही सवय मोडावी.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या खडकाचा, इथे हा धोका सरसकट नाही. पण गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमधील अंबागड चौकी भागात पाण्यात आर्सेनिक सापडलेले आहे. त्या बाजूला तळे घेणाऱ्या बांधवांनी बोअर सोडण्याआधी पाण्याची एक बाटली जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासायला द्यावी आणि आर्सेनिकची तपासणी हवी, हे सांगूनच द्यावी.