दानीएलचे २३०० दिवस आणि १८४४ साल

पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे ना, ते ज्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचं आहे, त्याचं मूळ चक्क एका हिशेबात सापडतं!

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात २३०० दिवसांचा उल्लेख येतो. अमेरिकेतला शेतकरी विल्यम मिलर याने एक दिवस म्हणजे एक वर्ष धरलं आणि मोजणी सुरू केली इराणी राजा अर्तहशश्त याच्या सातव्या वर्षापासून, म्हणजे इ.स.पू. ४५७ पासून. २३०० मधून ४५७ गेले, उरले १८४३. पण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून १८४४! या काळाच्या शेवटी ख्रिस्त परत येणार असं मानून त्या वर्षी २२ ऑक्टोबरला हजारो लोक त्याची वाट पाहत बसले. तो आला नाही. काहींनी तारीख तीच ठेवून अर्थ बदलला. त्यांच्यातूनच १८६३ मध्ये हा पंथ संघटित झाला.

माझ्या मते बेरीज-वजाबाकी चोख आहे, प्रश्न आहे तो ‘दिवस म्हणजे वर्ष’ या गृहीतकाचा.

लिस्बनचा १७५५ चा भूकंपही या मंडळींनी भविष्यवाणीतली खूण मानला. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी अनुभवली, त्या लातूर-नांदेडकरांना अशा घटनेत अर्थ शोधावासा का वाटतो, हे सांगायला नको. अर्तहशश्तचं सातवं वर्ष जिथे येतं तो बायबलमधल्या एज्राचा सातवा आणि दानीएलचा आठवा-नववा अध्याय शेजारी ठेवून वाचा, हिशेब स्वतः मांडून बघा.