कोरमंगलाचा उतार आणि लेसरची नजर
बेंगळुरूतील कोरमंगला हा भाग कोरमंगला–चल्लघट्टा खोऱ्यात, म्हणजे बेल्लंदूर तलावाकडे पाणी वाहून नेणाऱ्या उतारावर वसलेला असून, तेथील एस. टी. बेड ही वसाहत तर थेट जुन्या श्रीनिवागिलू तलावाच्या तळावर उभी असल्यामुळे, हातभर उंचीचा फरकही पावसाळ्यात निर्णायक ठरतो. असा फरक टिपणाऱ्या लिडार तंत्रात ड्रोनवरील यंत्र दर सेकंदाला लाखो लेसर-स्पंद जमिनीकडे सोडते आणि प्रत्येक स्पंद परतण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. त्यातून जमणाऱ्या बिंदूंच्या राशीला बिंदुमेघ म्हणतात. झाडांच्या पानांमधील फटींतून काही स्पंद भुईपर्यंत पोहोचत असल्याने झाडीखालचा उतारही उमगतो, जे निव्वळ छायाचित्रांना सहसा साधत नाही. मात्र नेहमीचा अवरक्त लेसर पाण्यात शोषला जात असल्यामुळे, तुंबलेल्या राजकालुव्याचा, म्हणजे मोठ्या नाल्याचा, तळ मोजायचा तर उन्हाळाच गाठावा लागतो. जमीन मोजण्याची ही धडपड जुनीच आहे: याच बेंगळुरूजवळ 1800 साली सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी पोलादी साखळीने आधाररेषा मोजली होती. आज भारतीय सर्वेक्षण विभाग गावातील घरांच्या मालकीची नोंद करणाऱ्या स्वामित्व योजनेत महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागासह ड्रोनच्या छायाचित्रांवरून गावठाणांचे नकाशे बनवतो, पण हद्दीच्या चुन्याच्या रेषा अजून माणसालाच आखाव्या लागतात.