‘अंगणवाडी’ : एका शब्दामागील विचार

फ्रॉबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेस ‘मुलांची बाग’ म्हटले. माँटेसरीबाईंनी १९०७ मध्ये रोम येथे ‘मुलांचे घर’ उघडले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरास ‘बालमंदिर’ स्थापिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या कार्यातून मराठीत रूढ झालेल्या शब्दांचा प्रवास मात्र मंदिराकडून अंगणाकडे झालेला दिसतो. हा बदल केवळ नावापुरता नव्हे.

नूतन बालशिक्षण संघ १९२६ साली स्थापन झाला आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार सुरू झाले. तेथवरचे कार्य प्रायः शहरी मध्यमवर्गाचे होते. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीस गेल्या, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. माँटेसरीची साधने खेड्यास परवडणारी नव्हती. वस्तीतील मुले शाळेकडे फिरकत नव्हती. तेव्हा साधनांची जागा बिया, खडे, शिंपले व पाने यांनी घेतली, आणि शाळाच मुलांच्या अंगणात जाऊन बसली. पुढे कोसबादला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली, ती याच न्यायाने. ‘वाडी’ या शब्दात बाग आणि वस्ती हे दोन्ही अर्थ नांदतात; फ्रॉबेलच्या शब्दात दुसरा अर्थ नाही. १९७५ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास योजना आखली तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला.

परंतु शाळा अंगणात गेली की अंगणाची भाषाही शाळेत येते, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. कोल्हापूरचेच उदाहरण घ्यावे. करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याआधीचे वय साहजिकच घराकडे राहिले, आणि घरी बोली होती. मंगळवार पेठेतील चार वर्षांची मुलगी ‘मी जातो’ म्हणते, ‘मी आलो’ म्हणते. प्रमाण मराठीत हे पुल्लिंगी रूप होय. म्हणून बाई ‘जाते म्हण’ असे सांगतात. वस्तुतः मुलीच्या आईच्या व आजीच्या तोंडीही हेच रूप असू शकते. येथील बोलीत प्रथमपुरुषी एकवचनात लिंगभेद लोपतो, एवढाच त्याचा अर्थ. मुलीने नियम मोडलेला नसतो, पाळलेला असतो. प्रमाण रूप तिला पुढे वाचनातून मिळेलच. परंतु तिसऱ्या-चौथ्या वर्षी, ज्या वेळी बोलते करणे हेच शिक्षकाचे मुख्य काम असते, त्या वेळी ही दुरुस्ती तिला घरची भाषा चुकीची आहे एवढेच शिकवते. बोर्डीत महागडी साधने बाजूस सारून शिंपले स्वीकारले गेले. ‘मी जातो’ हे वाक्य त्या शिंपल्यांच्याच जातीचे आहे.