घुमटाच्या आत, घुमटाच्या वर

२०२४ चा पाडवा मी लंडनमध्ये, भावाच्या घरी साजरा केला. वहिनीने दादाला ओवाळलं, फराळाच्या ताटावरून आम्ही उठतोय तेवढ्यात भाच्याने विचारलं, "आत्या, दुपारी येतेस का माझ्याबरोबर? मित्राचं जमत नाहीये, त्याचं तिकीट आहे."

"कशाचं?"

"वर्ल्ड्सच्या फायनलचं. लीग ऑफ लेजेंड्स."

हा एक कॉम्प्युटर गेम आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. "पण तो घरी बसून दिसत नाही का रे?" मी विचारलं.

"दिसतो की," तो शांतपणे म्हणाला, "घरी जास्त चांगला दिसतो."

हे उत्तर मला इतकं आवडलं की मी तयार झाले. जे घरी जास्त चांगलं दिसतं, ते बघायला हजारो माणसं का जातात?

पंचांगासारखा घुमट

नॉर्थ ग्रीनिच स्टेशनातून वर आलं की थेम्सच्या वळणावर तो पांढरा घुमट दिसतो. २००० सालाच्या स्वागतासाठी बांधलेला हा 'मिलेनियम डोम'. वास्तुरचनाकार रिचर्ड रॉजर्स यांच्या या वास्तूत सगळं पंचांगाच्या हिशेबाने आहे: वर्षाच्या महिन्यांइतके १२ पिवळे खांब, दिवसांइतका ३६५ मीटर व्यास आणि आठवड्यांइतकी, मध्यावर ५२ मीटर उंची. २००७ पासून याच्या पोटात सुमारे २० हजार माणसं मावतील असं सभागृह आहे आणि घुमटाला 'ओ-टू' म्हणतात.

रांगेत निम्मी माणसं कुणाची तरी सोंगं घेऊन उभी होती. निळ्या वेण्या, पुठ्ठ्याच्या तलवारी, पाठीवर पंख. मला गावच्या जत्रेतले बहुरूपी आठवले. फरक इतकाच की इथे सोंग घेणाराच तिकीट काढून आला होता.

पट, मोहरे आणि फेकर

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती पायऱ्यांची चढण. वरच्या मजल्यावर बसल्यावर गुडघ्यांसमोर पुढच्याचं डोकं येतं. खाली मधोमध रंगमंच, त्यावर समोरासमोर दोन संघ, प्रत्येकी पाच जण, प्रत्येकापुढे एक कॉम्प्युटर. त्यांच्या डोक्यावर अवाढव्य पडदे. माणसं मुंगीएवढी, त्यांचा खेळ मात्र घराएवढा.

भाच्याने दहा मिनिटांत मला खेळ शिकवला. एक चौकोनी पट, त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन गढ्या. गढ्यांना जोडणारे तीन रस्ते, मधून वाहणारी नदी, उरलेल्या जागेत जंगल. समोरच्या गढीतला गाभा, म्हणजे 'नेक्सस', फोडला की डाव जिंकला. डावाला वेळेची मर्यादा नाही, पण साधारण अर्ध्या तासात निकाल लागतो. पाचपैकी तीन डाव जिंकेल तो विजेता.

खरी गंमत डाव सुरू व्हायच्या आधी असते. दीडशेहून अधिक पात्रांतून प्रत्येक संघ पाच निवडतो आणि पाच पात्रांवर बंदी घालतो. बुद्धिबळाला बसण्यापूर्वीच समोरच्याने तुमचा वजीर काढून घ्यावा, तसा हा प्रकार. एकेक नाव पडद्यावर आलं की सभागृहातून हुंकार उठायचा. मला काही कळत नव्हतं, पण बाजूचा हुंकारला की मीही हुंकारत होते.

वर्ल्ड्स, म्हणजे या खेळाची विश्वविजेतेपदाची स्पर्धा, पहिल्यांदा झाली २०११ मध्ये, स्वीडनमधल्या एका गेमिंग मेळाव्यात. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला एका कोरियन संघाला ३० हजार डॉलरचा दंड झाला, कारण खेळाडूने मान वळवून प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या पडद्याकडे पाहिलं होतं. त्या पडद्यावर दोन्ही संघांच्या चाली उघड दिसतात. पत्त्यांच्या डावात समोरच्याचे पत्ते आरशात बघावेत, तसंच हे. म्हणून आता पडदे, खुर्च्या आणि हेडफोन यांची मांडणी हाही खेळाच्या शिस्तीचा भाग झाला आहे.

त्या दिवशी लिंकिन पार्क या बँडने स्पर्धेचं गाणं सादर केलं आणि मग लढत सुरू झाली: कोरियाचा टी-वन विरुद्ध चीनचा बिलिबिली गेमिंग. टी-वन हा कोरियातून चौथ्या क्रमांकाने आलेला संघ. चिनी संघाने मात्र त्या वर्षीच्या देशांतर्गत दोन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. पण सभागृहात ज्याच्या नावाचा घोष चालला होता तो होता 'फेकर'. आपल्याकडे फेकणारा म्हणजे थापाड्या, त्यामुळे मला हसू आलं. खरं नाव ली सांग-ह्योक. १९९६ चा जन्म, २०१३ मध्ये सतराव्या वर्षी पहिलं विश्वविजेतेपद, नंतर २०१५, २०१६ आणि २०२३. या खेळात पंचविशीतले खेळाडू निवृत्त होतात. हा अठ्ठाविसाव्या वर्षी अंतिम लढतीत बसला होता.

पहिला डाव चीनचा, दुसरा कोरियाचा, तिसरा पुन्हा चीनचा. चौथ्या डावात फेकरने 'सायलस' नावाचं पात्र घेतलं, पाचव्यात 'गॅलिओ', आणि दोन्ही डाव टी-वनने खेचून आणले. ३-२. त्याचं पाचवं विजेतेपद आणि अंतिम लढतीचा सर्वोत्तम खेळाडू हा मानही त्यालाच. शेवटचा गाभा फुटला तेव्हा जो आवाज उठला तो कानांनी ऐकण्याचा नव्हता, तो खुर्चीतून अंगात शिरला. चीनमधली प्रक्षेपणं सोडूनही त्या लढतीला एका क्षणी सुमारे ६९ लाख प्रेक्षक होते. त्यातले बहुतेक घरी, म्हणजे भाच्याच्या मते, जास्त चांगल्या जागी बसलेले.

तोच घुमट, चार वर्षांपूर्वी

बाहेर आलो तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता. बारा खांबांकडे बघत भाचा म्हणाला, "इथेच मी पहिला ड्रोन शो बघितला. म्हणजे, टीव्हीवर."

२०२० च्या वर्षाखेरीची ती गोष्ट. करोनामुळे नदीकाठी गर्दीला मनाई होती. लंडनने नववर्षाचा कार्यक्रम गुपचूप आखला आणि लोकांना घरीच राहायला सांगितलं. त्या कार्यक्रमात याच घुमटाच्या वर ३०० ड्रोननी चित्रं काढली. आरोग्यसेवेला वंदन करणारं हृदय होतं, पाठीवर आफ्रिकेचा नकाशा असलेलं कासव होतं. सारं लंडन ते बीबीसीवर बघत होतं.

मला हे फार विलक्षण वाटलं. जो खेळ पडद्यावरच घडतो, त्याच्यासाठी घुमटाच्या आत खचाखच गर्दी. आणि जी चित्रं खरोखरच्या आकाशात काढली, ती घुमटाच्या वर, पण खाली माणूस नाही.

दिव्यांचे ठिपके

ड्रोन शो म्हणजे आकाशातली ठिपक्यांची रांगोळी. प्रत्येक ठिपका म्हणजे चार पंख्यांचं, रंग बदलणाऱ्या दिव्याचं छोटं यंत्र. त्याला डोळे नसतात आणि शेजारचा ड्रोन कुठे आहे, हे सहसा त्याला माहीत नसतं. चित्रं आधी कॉम्प्युटरवर तयार होतात. मग प्रत्येक ड्रोनचा मार्ग क्षणाक्षणाने ठरतो आणि दोन मार्ग एकमेकांना छेदत नाहीत ना, हे तपासलं जातं. मैदानात ड्रोन आखलेल्या चौकटीत मांडतात आणि एका इशाऱ्यावर सगळे उडतात. हवेत प्रत्येक जण फक्त स्वतःची पोथी वाचत असतो.

अडचण जागेची असते. आपल्या मोबाईलचा जीपीएस काही मीटर इकडेतिकडे चुकतो. रस्ता शोधायला ते चालतं, पण दीड-दोन मीटरवर शेजारी असलेल्या ड्रोनला चालत नाही. म्हणून जमिनीवर एक केंद्र ठेवतात. त्याची जागा अचूक ठाऊक असते, त्यामुळे उपग्रहाचा संदेश किती चुकतोय हे त्याला कळतं, आणि ती दुरुस्ती ते सगळ्या ड्रोनना पाठवत राहतं. चूक मीटरांवरून सेंटिमीटरांवर येते. चित्र बदलताना बरेचदा दिवे मालवतात. रंगभूमीवर काळोखात नेपथ्य बदलावं तसे ड्रोन अंधारात जागा बदलतात आणि पुन्हा उजळतात. बॅटरी साधारण १५ ते २० मिनिटांची, त्यामुळे कार्यक्रम आटोपशीरच असतो.

ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात २०१२ मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिका या संस्थेने डॅन्यूब नदीवर ४९ ड्रोन नाचवले, तेव्हा तो चमत्कार होता. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात इंटेलचे १,२१८ ड्रोन जगाने पाहिले, पण ती दृश्यं आधीच्या डिसेंबरमध्ये चित्रित केलेली होती. म्हणजे तिथेही आकाश पडद्यावरच. आपल्याकडे २९ जानेवारी २०२२ ला दिल्लीच्या विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट'च्या सोहळ्यात १,००० ड्रोन उडाले. ते आयआयटी दिल्लीतून उभ्या राहिलेल्या बॉटलॅब डायनॅमिक्सचे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये विजयवाड्यात कृष्णेच्या काठी हाच आकडा साडेपाच हजारांवर गेला.

गेम बनवणाऱ्यांनाही हे आकाश लवकरच उमगलं. एप्रिल २०२१ मध्ये शांघायमध्ये एका जपानी गेमच्या चिनी आवृत्तीच्या वर्षपूर्तीला १,५०० ड्रोननी आधी गेममधली पात्रं काढली आणि शेवटी आकाशात चक्क क्यूआर कोड उमटवला. लोकांनी मोबाईल वर करून तो स्कॅन केला.

त्याआधीचा एक प्रसंग इथे आठवतो. २०१७ मध्ये बीजिंगच्या 'बर्ड्स नेस्ट' स्टेडियममध्ये याच वर्ल्ड्सच्या अंतिम लढतीला एक प्रचंड ड्रॅगन झेपावत आला. तो होता संगणकाने प्रक्षेपणात मिसळलेला, त्यामुळे पडद्यावर दिसला, मान वर करून बघणाऱ्याला तिथे फक्त हवा. ड्रोनचा ड्रॅगन मात्र खरोखर तिथे असतो. तिकीट नसलेल्या चहावाल्यालाही तो दिसतो. खुल्या मैदानातला ड्रोन शो म्हणजे आत न येऊ शकलेल्यांचा वाटा. आपल्या जत्रेतही फडाच्या कडेला जागा मिळो न मिळो, रात्रीचं शोभेचं दारूकाम अख्खं गाव आपापल्या गच्चीवरून बघतं.

फटाक्यांशी तुलना इथे टळत नाही. ड्रोनला धूर नाही, कचरा नाही, कुत्री बिथरत नाहीत. पण आवाजही नाही, आणि छातीत धडकणारा तो धमाका नसेल तर दारूकाम अळणी वाटणारी माणसंही आहेत. शिवाय पाखरांसारखं दिसणारं हे यंत्र पडतंही. जुलै २०२३ मध्ये मेलबर्नच्या बंदरात वाऱ्याने ५०० पैकी ४०० हून अधिक ड्रोन पाण्यात घालवले. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑर्लँडोत ड्रोन प्रेक्षकांवर कोसळले आणि एक लहान मुलगा गंभीर जखमी झाला. म्हणूनच प्रेक्षक आणि उड्डाणाची जागा यांत मोकळं अंतर ठेवावं लागतं, अदृश्य कुंपण आखावं लागतं आणि वारा वाढला की गर्दी जमलेली असतानाही कार्यक्रम रद्द करावा लागतो.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्याकडेही असे घुमट आहेत. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' ही 'डोटा २' या गेमची, ३ लाख डॉलर बक्षिसाची स्पर्धा झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सची, म्हणजे अशा गेम-स्पर्धांची, जबाबदारी क्रीडा मंत्रालयाकडे दिली, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला त्यातून वेगळं काढलं. तेव्हा घरातली मुलं कधी ना कधी विचारतीलच.

गेलात तर पिशवी लहान न्या. जागा वरची घ्यायला हरकत नाही, कारण पुढच्या रांगेत खेळाडूंचे चेहरे दिसतात, पण पडद्यासाठी मान दुखते. निवड आणि बंदीचा भाग चुकवू नका, अर्धी लढत तिथेच होते. ड्रोन शोला आयोजकांनी सांगितलेल्या बाजूलाच उभे राहा, कारण उलट बाजूने अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. आणि दुसरा बेतही मनात ठेवा, वाऱ्याचा काही नेम नसतो.

घरी पोचलो तर दादाने टीव्हीवर सगळी लढत पाहिली होती. फेकरचा चेहरा शेवटच्या डावात किती स्थिर होता, हे त्याने मला सांगितलं. मला तर चेहरा दिसलाच नव्हता. "आवाज केवढा होता गं?" त्याने विचारलं. मी मोबाईलवर घेतलेलं चित्रण लावलं. समोरच्या मुलाचं डोकं, निळसर झगमगाट आणि पूर्ण फाटलेला आवाज. एक शब्द कळत नव्हता.

दादाने ते दोनदा लावलं. मग म्हणाला, "पुढच्या वेळी चार तिकिटं काढ."