दुकानातला कॉम्प्युटर : झाकण उघडल्याशिवाय मोडीत काढू नका

शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्याभोवतीच्या गल्ल्यांत आम्ही लहानपणापासून एक रिवाज पाहत आलो. घड्याळ थांबले, टेपरेकॉर्डरमध्ये टेप अडकली किंवा शिलाई मशीनचा टाका सुटू लागला, की गिऱ्हाईक ती वस्तू फेकून देत नसे. उस्ताद आधी झाकण उघडायचा, आत पाहायचा आणि मगच खर्च सांगायचा. कॉम्प्युटर मात्र ह्या रिवाजातून सुटला आहे. तो अडला, की आमचे बांधव आत काय आहे हे न पाहताच नव्याचा भाव विचारू लागतात.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्यांनी कधी कॉम्प्युटर घेतला नसता अशा दुकानांतही तो येऊन बसला. त्यातील बहुतेक मशीन विंडोज 10 वर चालत. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-सेवा कंपनीने 14 ऑक्टोबर 2025 रोजी बंद केली. तेव्हापासून 'तुमचा कॉम्प्युटर आता निकामी, नवा घ्या' असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला कोठे खरा आणि कोठे खोटा, हे ज्याला मशीनची ओळख आहे त्यालाच कळेल. ती ओळख आम्हाला कशी झाली, हे आधी सांगतो.

लॅमिंग्टन रोडची खोकी

आमचा धंदा छपाईचा. निकाहच्या पत्रिका, दुकानांची पावतीपुस्तके, जाहिरातीची पत्रके. उर्दू मजकूर कातिबाच्या हातचा असे. 1994 मध्ये 'इनपेज' हे उर्दूचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि नस्तालीक अक्षर कॉम्प्युटरवर सुबक उमटू लागले. वर्षभरातच आम्ही समजून चुकलो, की मशीन घेतले नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल. ज्या कातिबांनी की-बोर्ड शिकून घेतला त्यांची रोजी टिकली; ज्यांना कोणी शिकवले नाही, त्यांचे हुन्नर घरी बसले. त्याचे दुःख आम्हाला आजही वाटते.

नामवंत कंपनीचा तयार कॉम्प्युटर आमच्या आवाक्याबाहेर होता. तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडायचे ठरले. अशा जोडलेल्या मशीनला बाजारात 'असेम्बल्ड' म्हणत, आणि लहान व्यापाऱ्याला तेच परवडे. नोव्हेंबर 1984 च्या कॉम्प्युटर धोरणाने आयातीवरची बंधने सैल केली होती, 1991 नंतर ती आणखी उतरली, आणि तैवान-सिंगापूरचा माल मुंबईत सहज मिळू लागला होता. पुढे 1997 मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि 2005 पर्यंत अशा बहुतेक मालावरचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. पण आमची खरेदी त्याच्या आधीची, 1995 ची. 486 जातीचा प्रोसेसर, 8 मेगाबाइट रॅम, 540 मेगाबाइटची हार्डडिस्क आणि 14 इंची मॉनिटर. एवढ्याला 40 हजारांच्या घरात रक्कम गेली. रात्रीच्या गाडीने खोकी मांडीवर घेऊन आलो.

जोडणी दुकानातच केली. त्या काळच्या पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला दोन सारखेच प्लग जात. नियम एकच : दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी याव्यात. आम्ही घाईत त्यांची अदलाबदल केली. बटण दाबताच जळका वास आला आणि बोर्ड गेला. दुसरा आणायला पुन्हा मुंबई गाठावी लागली. नुकसान मोठे होते, पण त्या दिवसापासून कोणती तार कोठे जाते हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही.

हा नाद आमच्या एकट्याचा नव्हता. जानेवारी 1975 मध्ये अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर 8800' हा कॉम्प्युटर झळकला. तो सुट्या भागांच्या रूपात टपालाने मिळे आणि घेणाऱ्याने स्वतः डाग देऊन जोडायचा असे. त्याला ना पडदा, ना की-बोर्ड. पुढे फक्त खटके आणि दिवे. इंग्लंडात 1982 मध्ये 'झेडएक्स स्पेक्ट्रम' आला. तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम साध्या कॅसेटवरून चढवायचा. 1986 मध्ये 'डेसिबेल्स' कंपनीने त्याचीच आवृत्ती परवान्याने भारतात काढली. कॅसेटचा तो किर्र आवाज ज्यांनी ऐकला, ते आज पन्नाशीच्या आसपास आहेत. त्या मशीनची ताकद आजच्या स्वस्त मोबाइलपुढेही नगण्य होती. पण ते वापरणाऱ्याला त्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक असे. आम्हाला हळहळ वाटते ती त्या ओळखीची, मशीनची नव्हे.

पोटात असते काय?

टेबलावरच्या कॉम्प्युटरची मांडणी तीस वर्षांत फारशी बदललेली नाही. दुकानाशीच तुलना करू. प्रोसेसर हा हिशेब करणारा मुनीम. रॅम म्हणजे त्याच्यापुढचे टेबल. टेबल मोठे असेल तितकी कामे एका वेळी पसरता येतात, आणि वीज गेली की ते रिकामे होते. हार्डडिस्क किंवा एसएसडी म्हणजे कपाट. त्यातले वीज गेली तरी राहते. मदरबोर्ड म्हणजे ही सर्व मंडळी जिच्यावर बसतात ती बैठक. पॉवर सप्लाय सर्वांना वीज वाटतो. ह्यातला प्रत्येक भाग सुटा निघतो आणि म्हणून सुटा बदलता येतो.

दोनएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या दुकानातले एक मशीन रोज सकाळी काही वर्षे जुनी तारीख दाखवू लागले. बिलांवर चुकीची तारीख पडे आणि बँकेची साइट उघडेना. एका दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगून काही हजारांचा अंदाज दिला. आम्ही झाकण उघडले. बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर 2032 नावाचा. मशीन बंद असताना तो घड्याळ चालू ठेवतो. तो संपला होता. सेल बदलला, तारीख बसवली, काम झाले. तारीख चुकली की सुरक्षित साइटही उघडत नाहीत, कारण त्यांच्या दाखल्याची मुदत मशीन स्वतःच्या घड्याळावरून तपासते. खर्च झाला तो सेलचा, चहाच्या दोन-चार कपांइतका.

नवा घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'परफॉर्मन्स' पाहा. प्रोसेसर कोणता, रॅम किती, आणि डिस्क हार्डडिस्क आहे की एसएसडी, हे तेथे दिसते.

दुसरी, मशीन फक्त संथ असेल आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर एसएसडी बसवा. ह्या एका बदलाने मशीन सुरू होण्याचा वेळ कमालीचा घटतो. रॅम 4 गिगाबाइट असेल तर 8 करा. मात्र डीडीआर 3 च्या जागी डीडीआर 4 बसत नाही, म्हणून जुनी पट्टी सोबत घेऊन जा. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर भडकले. तेव्हा जुन्या भावावर विसंबू नका, दोन-तीन दुकाने फिरा.

तिसरी, विंडोजचा प्रश्न. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षा-सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. एएमडीच्या प्रोसेसरची यादी वेगळी आहे. ढोबळमानाने 2018 पूर्वीची मशीन त्यात बसत नाहीत. पण पुष्कळदा सोय असते आणि बायोसमध्ये नुसती बंद ठेवलेली असते. ती चालू केली की विंडोज 11 मोफत चढते. जी मशीन बसत नाहीत त्यांच्यासाठी कंपनीने जादा मुदत ठेवली : घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, आणि धंद्याच्या मशीनसाठी दरवर्षी पैसे भरून कमाल तीन वर्षे.

ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्ये होते, म्हणजे जीएसटीचे पोर्टल, बँक आणि ईमेल, त्यांना लिनक्स मिंट किंवा उबंटू मोफत वापरता येईल. आपला प्रिंटर आणि डिजिटल सहीचे टोकन चालते का, हे आधी तपासा. टॅली आणि इनपेज यांना विंडोजच लागते. आमचे इनपेजचे जुने मशीन आम्ही इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईला ठेवले आहे.

चौथी, झाकण उघडण्यापूर्वी वायर काढा आणि पेटीच्या लोखंडाला हात लावा. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगातली स्थिर वीज रॅम मारू शकते. पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका; वायर काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज उरते.

पाचवी आणि सर्वांत मोलाची : मशीन पुन्हा मिळेल, उधारीची खाती मिळणार नाहीत. हिशेबाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानात नव्हे, घरी ठेवा. जुनी हार्डडिस्क भंगारात देऊ नका. पुसलेल्या फायली पुष्कळदा परत काढता येतात. गिऱ्हाइकांची नावे आणि नंबर ही आपल्याकडची अमानत आहे.

बिल पक्केच घ्या

1990 च्या दशकात कमी वेगाच्या प्रोसेसरवरची अक्षरे खरवडून जास्त वेगाचा आकडा छापण्याची लबाडी जगभर चाले. आज तीच लबाडी पेनड्राइव्ह आणि एसएसडीत दिसते : वर मोठा आकडा, आत थोडी जागा. मापात मारण्याचाच हा प्रकार. म्हणून प्रत्येक भागाचे नाव, सीरियल नंबर आणि वॉरंटी लिहिलेले पक्के बिल घ्या. कच्च्या बिलावर चार पैसे वाचतात, पण वॉरंटी जाते. आणि जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्याला भरलेल्या कराचे क्रेडिटही मिळत नाही. कम्पोझिशनवाल्यांना ते तसेही नसते, पण वॉरंटी त्यांनाही हवीच.

जुन्याला कवटाळून बसा असे आम्ही म्हणत नाही. बोर्डच गेला असेल, त्याला बसणारी रॅम बाजारात नसेल, तर नवे घ्यावे. घेताना टेबलावरचे मशीन घ्या, ज्याचा भाग पुढे बदलता येईल. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते आणि ती वाढवता येत नाही.

एक विनंती शेवटी. पुढच्या वेळी दुकानातले मशीन उघडाल तेव्हा घरातल्या मुलाला, मुलीला किंवा दुकानातल्या शागिर्दाला शेजारी उभे करा. धूळ त्यांच्या हातून झाडून घ्या, रॅमची पट्टी त्यांना काढू-बसवू द्या. उद्या तुम्हाला कोणी 'सगळे बदलावे लागेल' असे सांगितले, तर 'आधी झाकण उघडा' असे म्हणणारे एक माणूस घरात तयार असेल.